जळालेले घर आणि वारीचा नेम

चैत्र सरता सरता कीर्तनसेवेच्या निमित्ताने उमरखेडास जाणे झाले. पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख हळदीचा आणि कापसाचा. कीर्तन आटोपून मंडळी पांगली, तेव्हा एक माळकरी गृहस्थ आपल्या वृद्ध आईला घेऊन मागे राहिले. पाया पडणे झाले आणि ते हळूच म्हणाले, ‘‘महाराज, पंधरा दिवस झाले, घर जळालं. माणसं वाचली, गाय वाचली, बाकी समदी राख. दिंडीची भिशी तेवढी आधी भरली होती, म्हणून ती राहिली. तीन पिढ्यांची पायी वारी हाये आमची. आता ती भिशी वापस मागून टिनं आणू, का वारीला जाऊ?’’

वाचकहो, खरे सांगतो, आम्ही विचार न करता बोलून गेलो, ‘‘पांडुरंगावर भार टाका, तो पाहून घेईल.’’

त्यावर खांबाला टेकून बसलेली ती म्हातारी माउली म्हणाली, ‘‘पाहीन ना बाप्पा, तो तर पाहीनच. पण मिरग लागल्यावर छपरावर कोण चढन?’’

आम्हास उत्तर सुचले नाही. आमच्या डोक्यावर छप्पर होते, पोटात प्रसादाचे जेवण होते, आणि अशा स्थितीत दुसऱ्याला वैराग्य सांगणे फार सोपे असते. त्या माउलीचा प्रश्न मात्र मनातून जाईना. तेव्हा द्यावयाचे राहिलेले उत्तर आज येथे लिहीत आहोत.

घर जळणे म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात घराशेजारी पऱ्हाट्यांचा ढीग असतो, कडब्याची गंजी असते, एखाद्या कोपऱ्यात भाव येईल म्हणून ठेवलेला कापूस असतो. जुनी झिजलेली विजेची तार, चुलीतला निखारा, नाही तर देवापुढचा कलंडलेला दिवा, एवढे एक निमित्त पुरते. तासाभरात वडिलांनी बांधलेले घर भिंतींपुरते उरते. मग दुसऱ्या दिवशी गावात दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, ‘‘काही तरी पाप घडले असेल.’’ दुसरा म्हणतो, ‘‘सगळे मिथ्या आहे, शोक कशाला?’’ आमच्या मते दोघेही चुकतात. आग तारेचे सांधे आणि वाळलेला कडबा पाहते. घरधन्याचे पापपुण्य पाहत नाही. आणि ज्याचे मिथ्या म्हणून जळाले, त्याच्या लेकरांची रात्रीची थंडी मिथ्या नसते.

येथे कोणी नामदेवरायांचा दाखला देईल. नाभादासांच्या भक्तमाळेवर प्रियादासांनी १७१२ साली टीका लिहिली, तीत कथा आहे ती अशी की, नामदेवांच्या घरास आग लागली तेव्हा जे काही वाचले होते तेही त्यांनी उचलून आगीत टाकले आणि देवास म्हटले, हेही तुझेच, हेही घे. ‘‘पाहा, भक्ताने असे असावे!’’ असे सांगून कीर्तनात टाळी घेता येते. पण कथा तेथे संपत नाही, हे आपण विसरतो. पुढे देव स्वतः आला आणि त्याने नामदेवांचे छप्पर शाकारून दिले. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची जी ६१ पदे आहेत, त्यांतल्या एकात हाच प्रसंग निघतो. शेजारीण विचारते, हे छप्पर तुला कोणी घालून दिले? मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेव सांगतात, तो सुतार मजुरी मागतो ती प्रेमाची. आता विचार करा. देवाने नामदेवांस ‘छपराची आसक्ती सोड’ असा उपदेश केला नाही. तो छपरावर चढला. म्हातारीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. उरलेले अर्धे आपणांकडे आहे, त्याकडे पुढे येऊ.

दुसरा दाखला तुकोबारायांचा. सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, हे आपण सारे सांगतो. पण ती बुडविण्याआधी काय केले? धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा वेगळा काढून त्यांच्या हाती दिला आणि मग फक्त आपल्या वाट्याची खते पाण्यात सोडली. वैराग्य आपल्या वाट्याचे करावे, दुसऱ्याच्या वाट्याचे करू नये, असा याचा अर्थ आम्ही घेतो. त्या गृहस्थाच्या जळालेल्या घरात म्हाताऱ्या आईचा वाटा होता, बायकोचा होता, शाळेत जाणाऱ्या पोरांचा होता, दावणीच्या गायीचाही होता. त्याने स्वतः झाडाखाली निजावे, त्यास आमची ना नाही. परंतु आईस भर मृगात झाडाखाली निजवून त्याला वैराग्य म्हणणे बरोबर नाही.

तेव्हा घर जळाल्यावर गृहस्थाने उठावे आणि कामाला लागावे. हे काम म्हणजेच त्या दिवसांतली त्याची साधना. ते कसे करावे, हे थोडक्यात सांगतो. हरिभक्तांच्या मासिकात हे कशाला, असे कोणी म्हणू नये.

आधी माणूस. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे आणि दवाखाना गाठावा. आपला मुलूख हळदीचा, त्यामुळे हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. पण भाजल्यावर हळद, तूप, शाई, दंतमंजन यांतले काहीही लावू नये. मग घर. आग विझली असे दिसले तरी लगेच आत शिरू नये. पाणी पिऊन फुगलेली मातीची भिंत आणि आतून जळलेली तुळई केव्हा बसेल, याचा नेम नसतो. कापसाच्या आणि कडब्याच्या ढिगात विस्तव आतल्या आत धुमसत राहतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा पेटतो. विजेचे कनेक्शन वीजवाल्यांकडून तोडवून घेतल्याखेरीज कशालाही हात लावू नये. आगीची धग आणि धूर लागलेले धान्य, डबे, औषधे जिवावर दगड ठेवून टाकून द्यावी. अन्न हे पूर्णब्रह्म खरे, पण विषारी झालेले अन्न पोरांच्या पोटात घालणे हा त्या ब्रह्माचा मान नव्हे.

राख उपसण्याची घाई करू नये. आधी तलाठ्यास कळवावे, छायाचित्रे काढावी, पंचनामा होऊ द्यावा. घराचा विमा असेल तर त्या कंपनीस त्याच दिवशी कळवावे. आग गॅसच्या टाकीने लागली असेल तर वितरकास लेखी द्यावे, कारण नोंदणी झालेल्या ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी विमा उतरविलेला असतो. आग ही सरकारी आपत्तीच्या यादीत आहे आणि तिच्यासाठी आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. २०२२ साली केंद्राने जे दर ठरविले, त्यांत सपाट प्रदेशातील पूर्ण नष्ट झालेल्या घरास १,२०,००० रुपये, झोपडीस ८,००० रुपये, आणि कुटुंबाच्या कपड्यांसाठी व भांड्यांसाठी २,५०० - २,५०० रुपये धरले होते. मातीच्या भिंतींचे कच्चे घरही त्यांत घर म्हणूनच धरलेले आहे. म्हणून पंचनाम्यात ‘घर’ लिहिले की ‘झोपडी’, हे नीट वाचूनच सही करावी. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा किंवा घरपट्टीची पावती हाताशी ठेवावी. दर वेळोवेळी बदलतात, ते तहसिलीत विचारावे. शिधापत्रिका, सातबारा, बँकेचे पुस्तक यांच्या नकला पुन्हा मिळतात. जळून करपलेल्या नोटाही फेकू नयेत; साधी बँक त्या घेणार नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात त्या नियमाप्रमाणे तपासल्या जातात.

आता खरी परीक्षा येथे आहे. पंचनामा चालू असता शेजारी कानात सांगतो, ‘‘अरे, दोन क्विंटल कापूस जास्त लिही, सरकारचेच तर आहे.’’ दुसऱ्या बाजूला स्वाभिमानी माणूस असा असतो की तो म्हणतो, ‘‘मला काही नको, मी कोणापुढे हात पसरणार नाही.’’ गळ्यात तुळशीची माळ असणाऱ्याने हे दोन्ही टाळावे. जे जळाले ते सगळे सांगावे, आणि जे जळाले नाही ते एक शेरही सांगू नये. वाढवून सांगणे ही चोरी, हे सर्वांस कळते. पण मिळणारे न घेणे हाही अहंकार असू शकतो, हे लवकर कळत नाही. ज्याने आयुष्यभर वारकऱ्यांच्या पंगती उठविल्या, त्याला एक दिवस दुसऱ्याच्या पंगतीस बसावे लागले तर त्यात कमीपणा कसला? आपण पंढरीच्या वाटेवर गावोगाव भाकरी घेतोच ना? तेथे लाज वाटत नाही, कारण घेणारा आणि देणारा दोघेही एकाचेच, हे तेथे ठाऊक असते. आपल्या गावी ते एकाएकी खोटे कसे होते?

आणखी एक. आग कोणाच्या हातून लागली, याचा शोध पुढे तसे होऊ नये एवढ्यापुरताच घ्यावा. बहुधा तो शोध सुनेपाशी येऊन थांबतो. चूल तिची, दिवा तिचा. घर एकदा जळाले, ते टिनांनी पुन्हा उभे राहील. त्या मुलीस जन्मभर ‘हिने घर जाळले’ म्हणत राहिलो तर ते घर रोज जळेल.

आता वारीचा प्रश्न. उमरखेडहून पंढरी पायी गाठावयाची तर निघण्याचे दिवस आणि मृगाचे दिवस जवळजवळ एकच. छप्पर आणि वारी एकमेकांच्या आड येतात ते येथे. अशा वेळी पुंडलिकाकडे पाहावे. देव दारी आला असता पुंडलिकाने आईबापांची सेवा अर्धी टाकली नाही. वीट पुढे केली आणि देवास थांबविले. देव रागावला नाही, उभा राहिला. ज्या वारीचे मूळच असे, तिचा नेम आईस पावसात ठेवून पाळता येईल काय? आम्हास तसे वाटत नाही. भिशी मागून घ्यावी, टिने आणावी, आणि आषाढी एकादशीस त्या नव्या छपराखाली आईजवळ बसून हरिपाठ म्हणावा. कार्तिकी पुढे आहेच.

तीन पिढ्यांत न चुकलेली वारी चुकणे ही लहान गोष्ट आहे, असे आम्ही म्हणत नाही. दिंडी वेशीबाहेर पडेल, टाळांचा आवाज दूर जाईल, तेव्हा त्या गृहस्थाच्या डोळ्यांस पाणी येईल. ते येऊ द्यावे. त्या पाण्याचाही नैवेद्य होतो.

पण हे सारे आम्ही जळालेल्यास सांगितले. न जळालेल्यांचे काय? म्हातारीच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर येथे द्यावयाचे आहे. भिशी परत मागणे त्याच्यावर का यावे? दिंडीच्या विणेकऱ्यानेच ती उचलून त्याच्या हाती आणून द्यावी. दिंडीत सुतार असतो, गवंडी असतो, बैलगाडीवाला असतो. निघण्याआधी प्रत्येकाने दोन दिवस दिले तर वासे उभे राहतात, टिने चढतात आणि तो गृहस्थही कदाचित आईस कोरड्या जागी निजवून दिंडीत येऊ शकतो. नामदेवांच्या छपरावर देव चढला तो असाच कोणाच्या तरी पायांनी चढला असेल, असे आम्हास वाटते. मजुरी तीच, प्रेमाची.

त्या माउलीस आता आमचे एवढेच सांगणे: आई, छपरावर कोण चढेल म्हणून विचारलेस, ते आम्हीच चढावयाचे होते. त्या रात्री आम्ही नुसते बोललो, ते चुकले. मृगास अजून अवकाश आहे. त्या भागातील दिंडीकरांस आम्ही निरोप धाडला आहे, आणि शिडी धरावयास आम्हीही येत आहोत.

रामकृष्णहरि.