तारूं कोणाचें?

संसाराला कंटाळलेल्या मनुष्यास जीं सुखस्वप्नें पडतात, त्यांत एक स्वप्न फार जुनें व फार गोड आहे. एक लहानसें शिडाचें तारूं असावें. त्यावर आपण आणि आपलें एक जिवाचें माणूस, एवढींच दोघें असावीं. आणि नारळीच्या बनांनीं झांकलेल्या एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे वारा नेईल तसें जात राहावें. मागें घरभाडें नाहीं, नोकरी नाहीं, आप्तेष्टांचे रुसवेफुगवे नाहींत. हें स्वप्न स्वप्नच राहिलें असतें तर त्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत पुष्कळ जोडप्यांनीं तें प्रत्यक्षांत उतरविलें आहे, व त्यांतील कित्येकांनीं आपल्या सफरीचे वृत्तान्तहि लिहून ठेविले आहेत. ते वाचतांना एक शंका मनाला सारखी टोंचते. तारवावर माणसें दोन असतात, पण स्वप्न बहुधा एकालाच पडलेलें असतें. मग त्या स्वप्नांत दुसऱ्यानें आपला जन्म घालावा, हें कितपत न्याय्य?

आपल्याकडे हा प्रश्न अगदींच नवा नाहीं. वानप्रस्थाश्रमाचा विधि सांगतांना मनूनें गृहस्थाला दोन वाटा दिल्या आहेत: बायकोला मुलांच्या स्वाधीन करून वनांत जावें, किंवा तिला बरोबर घेऊन जावें. यांपैकीं कोणती वाट धरावयाची हें तिला विचारून ठरवावें, असें मात्र स्मृतिकारानें म्हटलेलें नाहीं. बहुधा त्याला तें सुचलेंच नसावें.

जॅक लंडन या अमेरिकन कादंबरीकारानें 1907 सालच्या एप्रिलांत सॅन फ्रॅन्सिस्कोहून 'स्नार्क' नांवाच्या आपल्या तारवांतून प्रस्थान ठेविलें. बरोबर त्याची पत्नी चार्मियन व थोडे खलाशी होते. सात वर्षें जगभर हिंडावयाचें, असा बेत होता. आपण हें साहस कां करीत आहों, याचें उत्तर त्यानें आपल्या पुस्तकाच्या आरंभींच मोठ्या बेधडकपणें दिलें आहे. सर्व तत्त्वज्ञानाच्या बुडाशीं, तो म्हणतो, एकच गोष्ट असते, ती म्हणजे 'मला आवडतें'. हें उत्तर प्रामाणिक आहे यांत संशय नाहीं. एकट्या मनुष्यास तें पुरतेंहि. पण ज्या लांकडी भिंतींच्या आंत दोन जीव कोंडलेले आहेत, तेथें 'मला' या शब्दाचा अर्थ काय करावयाचा?

चार्मियनच्या बाबतींत नियतीनें या प्रश्नाचें उत्तर चमत्कारिक रीतीनें दिलें. ती आपल्या पाळीला सुकाणूं धरीत असे, नवऱ्याचीं हस्तलिखितें टंकयंत्रावर उतरवीत असे, आणि स्वतःची रोजनिशीहि लिहीत असे. तारूं गळकें निघालें. हवाई बेटांपासून मार्केसस बेटांपर्यंत पोंचावयास साठ दिवस लागले. पुढें सॉलोमन बेटांत तापानें सर्वांना ग्रासलें, जॅकचे हात सुजून त्यांची कातडी सोलून निघूं लागली, आणि 1908 च्या अखेरीस सिडनीच्या रुग्णालयांत ही सफर सोडून देण्याचें ठरलें. तें ऐकून चार्मियनच्या डोळ्यांतून पाणी आलें व दोन दिवस ती खचून गेली होती, असें जॅकनेंच लिहिलें आहे. म्हणजे स्वप्न एकाचें म्हणून निघालें, आणि तें मोडल्यावर रडली दुसरी. सहभाग खरा होता कीं नाहीं हें कधीं कधीं अशा रीतीनेंच कळतें. निघतांना दिलेल्या होकारावरून तें कळत नाहीं.

या सर्व हकीकतींत एका तिसऱ्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ज्या टायपी खोऱ्याचें वर्णन लहानपणीं मेल्व्हिलच्या पुस्तकांत वाचून लंडन तेथें ओढला गेला, तें खोरें त्याला जवळजवळ ओसाड दिसलें. बाहेरच्या जहाजांबरोबर आलेल्या रोगांनीं तेथील धट्टींकट्टीं माणसें नाहींशीं केलीं होतीं, व उरलेलीं खोकत होतीं. या नंदनवनाच्या मालकांना तर कोणीच कांहीं विचारलें नव्हतें. असो, तो विषय मोठा आहे, व येथें मावणारा नाहीं.

आर. एल. स्टीव्हन्सनची बायको फॅनी हिची गोष्ट अगदीं उलट आहे. 1888 सालीं 'कॅस्को' हें तारूं भाड्यानें घेऊन स्टीव्हन्सन दक्षिण समुद्रांत गेला, तो आपल्या दुबळ्या छातीला उबदार हवा मानवेल या आशेनें. त्याला समुद्र मानवलाहि. फॅनीला मात्र समुद्राचा तिटकारा होता. तारूं हललें कीं तिला लागे. तरीहि ती एका सफरीवरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या सफरीवर गेली, कारण नवरा समुद्रावर जगत होता आणि जमिनीवर खंगत होता. तिनें स्वप्न पाहिलें नव्हतें. एक हिशेब केला होता, व तो डोळे उघडे ठेवून केला होता. अशा त्यागाचे आपण लगेच गोडवे गाऊं लागतों. मला त्याची थोडी भीति वाटते. फॅनीनें केलेला हिशेब तिचा स्वतःचा होता म्हणून तो थोर. तोच दुसऱ्या कोणी तिच्या नांवावर मांडला असता तर त्याला थोर म्हणतां आलें नसतें.

आणि जिनें नकार दिला तिचें काय? जोशुआ स्लोकम हा जगाभोंवतीं एकटा फिरून आलेला पहिला दर्यावर्दी. त्याच्या त्या 1895 ते 1898 च्या प्रवासाचें कौतुक सर्वत्र होतें. त्याची दुसरी पत्नी हेटी हिचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. लग्नानंतर थोड्याच काळांत ती त्याच्याबरोबर जहाजावर गेली. ब्राझीलच्या किनाऱ्यावर तें जहाज फुटलें. तेव्हां स्लोकमनें पस्तीस फुटांची एक होडी बांधली, आणि तींतून बायको व दोन मुलगे यांना घेऊन 1888 सालीं साडेपांच हजार मैलांवरचा अमेरिकेचा किनारा गांठला. यानंतर हेटी पुन्हां त्याच्याबरोबर समुद्रावर गेली नाहीं. त्या दोघांचे मार्ग हळूहळू वेगळे झाले. जगाच्या लेखीं ही वीराला न शोभणारी बायको. पण विचार करूं लागलें कीं वाटतें, या सर्व मंडळींत आपलें मत काय तें निःसंदिग्धपणें सांगण्याची संधि हिनेंच साधली.

संधि हा शब्द मीं मुद्दाम वापरला. जमिनीवरच्या संसारांत रुसून माहेरीं जातां येतें, निदान दुसऱ्या खोलींत जाऊन दार लावतां येतें. तीस फुटांच्या तारवांत दुसरी खोली नसते. एरिक व सुसान हिस्कॉक या इंग्रज जोडप्यानें 1952 ते 1955 या काळांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती एवढ्याच तारवांतून. अशा ठिकाणीं रात्र दोघांत वांटली जाते. कांहीं तास एकानें जागावयाचें, कांहीं तास दुसऱ्यानें. म्हणजे जीं दोघें एकमेकांच्या सहवासासाठीं जग सोडून आलीं, त्यांची गांठ लांबच्या मजलेवर मुख्यतः पहारा बदलतांना पडते. एक जागें आहे म्हणून दुसरें झोंपूं शकतें. सप्तपदींतील सातवें पाऊल सख्यासाठीं असतें असें आपण म्हणतों. त्या सख्याचें इतकें उघडेंवाघडें रूप मीं दुसरीकडे पाहिलेलें नाहीं. पण याच कारणानें भर समुद्रांत 'मला हें नको' असें म्हणण्याला अर्थ उरत नाहीं. जो होकार परत घेतां येत नाहीं, त्याला होकार तरी कसें म्हणावें? मला वाटतें, त्या बेटांचें खरें मोल येथें आहे. निळें पाणी व नारळीचीं बनें यांसाठीं लोक तेथें जातात हें खरें. पण नांगर पडला कीं दुसऱ्या माणसाला खालीं उतरतां येतें, आणि पुढें जावयाचें कीं नाहीं हें पुन्हां विचारतां येतें. जो धनी प्रत्येक बंदरांत हें विचारीत नाहीं, त्याचें तारूं कितीहि सुंदर असो, त्यावरील दुसरें माणूस हें सामानच होय.

आमच्या वडिलांच्या नोकरींत नऊ बदल्या झाल्या. प्रत्येक वेळीं आईनें ट्रंका भरल्या. निवृत्तीच्या वेळीं वडिलांनीं तिला प्रथमच विचारलें, कीं आतां कोठें राहावयाचें? दोन दिवस तिला उत्तर देतां आलें नाहीं. वडील दुष्ट नव्हते. मधल्या बंदरांतून तो प्रश्न विचारावयाचा असतो, हें त्यांना कोणी शिकविलें नव्हतें.

शेवटीं मॉरिस व मॅरिलिन बेली यांच्याविषयीं सांगावयाचें आहे, कारण त्यांच्यापुढें माझे हे सर्व तर्क अडखळतात. हें इंग्लंडमधील एक साधें जोडपें. घर विकून नौका घ्यावी ही कल्पना बायकोची. दोघांचीं नांवें जोडून त्यांनीं नौकेला 'ऑरलिन' नांव दिलें, आणि 1972 सालीं न्यूझीलंडला जाऊन राहण्याच्या उद्देशानें तीं निघालीं. मॉरिसनें बिनतारी संदेश पाठविण्याचें यंत्र बुद्ध्याच घेतलें नव्हतें. बाहेरच्या जगाची लुडबूड त्याला नको होती. मॅरिलिनला पोहतां येत नव्हतें. या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे अंगावर कांटा येतो. आपल्या स्वातंत्र्याची किंमत आपण आपल्या जिवानें खुशाल द्यावी, पण ज्याला पोहतां येत नाहीं अशाच्या जिवानेंहि ती मोजण्याचा अधिकार कोणाला?

1973 च्या मार्चांत गॅलापगोस बेटांच्या वाटेवर एका देवमाशानें नौका फोडली. रबरी तराफा व एक फुगवलेली होडी यांवर तीं दोघें 117 दिवस वाहत राहिलीं. टांचणीचे गळ करून मासे धरले, कासवें मारून खाल्लीं, पावसाचें पाणी सांठविलें. सात जहाजें जवळून निघून गेलीं व कोणाचें लक्ष गेलें नाहीं. अखेर 30 जूनला एका कोरियन मासेमारी जहाजानें त्यांना उचललें.

या चार महिन्यांत धीर सोडला तो मॉरिसनें. आपणच हें संकट ओढवलें असें वाटून तो खिन्न होऊन बसे. मॅरिलिननें त्याला दोष दिला असता तर तो रास्तच होता. तिनें कागदाचे पत्ते करून खेळ मांडले, जेवणाचे बेत रचले, आणि आपली पुढची नौका कशी असावी याचे आराखडे काढावयास घेतले: कपाटें कोठें, चूल कोठें, शिधा किती. तिनें त्याला क्षमा केली, कीं क्षमा करण्यासारखें कांहीं घडलें आहे असेंच तिनें मानलें नाहीं, हें मला ठरवितां येत नाहीं. न्यायान्यायाच्या ज्या मोजपट्टीनें मी वर इतरांचे संसार मोजीत आलों, ती त्या तराफ्यावर लागू पडत नाहीं एवढें खरें.

घरीं परतल्यावर त्यांनीं ती दुसरी नौका खरोखरच बांधवून घेतली, आणि 1975 सालीं तींतून पॅटॅगोनियाकडे कूच केलें. नांव तेंच ठेविलें होतें. पुढें फक्त दोनाचा आंकडा घातला होता.