डोंगर कोणाचा? काराबाखमधील एका कल्पनेची वाटचाल

दक्षिण कॉकेशसमधील नागोर्नो-काराबाख, म्हणजे डोंगराळ काराबाख, या प्रदेशावरून आर्मेनियन आणि अझरबैजानी समाजांत झालेल्या संघर्षाला शतकानुशतकांचे वैर म्हणण्याची प्रथा पडली आहे. परंतु हा डोंगर एकाच राष्ट्राच्या मालकीचा असला पाहिजे ही त्यामागची कल्पना तितकी जुनी नाही, आणि ती कशी रुजली हे पाहिल्याशिवाय तेथील रक्तपाताचा उलगडा होत नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे खानाची सत्ता होती आणि ‘मेलिक’ म्हटले जाणारे आर्मेनियन सरदार आपापली खोरी राखून होते. डोंगरातल्या गावांत आर्मेनियन शेतकरी राहत, तर तुर्की बोलणारे मुसलमान पशुपालक हिवाळा सखल मैदानात काढून उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणांवर नेत. तंटे होत, माणसेही मारली जात. पण वाद असे तो कुरणाचा, सरदारकीचा आणि खंडणीचा. १८१३ च्या गुलिस्तान तहाने इराणने हा मुलूख रशियाला दिला. पुढे शाळा, वृत्तपत्रे आणि बाकूच्या तेलधंद्यातील चढाओढ यांतून दोन्हीकडे राष्ट्रभावना आकाराला आली, १९०५ मध्ये दंगली पेटल्या आणि मार्च १९२० मध्ये शुशा या डोंगरी शहरातील आर्मेनियन वस्ती जाळली गेली.

बोल्शेविकांसमोर हा पेच आला तेव्हा त्यांच्या कॉकेशस ब्यूरोने ४ जुलै १९२१ रोजी डोंगराळ काराबाख आर्मेनियाला जोडण्याचा ठराव केला आणि दुसऱ्याच दिवशी तो फिरवून प्रदेश अझरबैजानमध्येच ठेवला. लोकवस्ती आर्मेनियन होती हे जितके खरे, तितकेच डोंगर आणि मैदान यांचा अर्थव्यवहार एकमेकांत गुंतलेला होता हेही खरे. सारा दोष स्टालिनच्या कारस्थानावर टाकणारी मांडणी म्हणूनच अपुरी वाटते. अधिक दूरगामी ठरली ती १९२३ मध्ये आलेली स्वायत्त प्रांताची रचना. प्रत्येक राष्ट्रकाला, म्हणजे सोव्हिएत शासनाने मान्य केलेल्या वांशिक समूहाला, स्वतःचा भूभाग असावा या तत्त्वामुळे मालकीच्या कल्पनेला सीमा, कचेरी आणि नकाशा मिळाला.

नकाशापाठोपाठ इतिहासकार आले. १९६० च्या दशकात बाकूचे झिया बुन्यादोव यांनी या भूमीचा वारसा कॉकेशियन अल्बानियाकडे (बाल्कनमधील अल्बानियाशी संबंध नसलेल्या एका प्राचीन राज्याकडे) नेला, तर येरेवानच्या विद्वानांनी तेथील मठ व शिलालेख हे अखंड आर्मेनियन वसतीचे पुरावे मानले. ज्या काळात राजकीय मागणी उघडपणे मांडता येत नव्हती, त्या काळात प्राचीन इतिहास हाच जमिनीचा सातबारा झाला. या विद्वत्तेने पुढच्या हिंसेला नैतिक आधार पुरवला, ही गोष्ट दोन्हीकडच्या अभ्यासकांनी आजवर पुरेशी मान्य केलेली नाही.

२० फेब्रुवारी १९८८ रोजी प्रांतिक सोव्हिएतने आर्मेनियात सामील होण्याची मागणी केली आणि आठवड्याभरात अझरबैजानमधील सुमगाईत शहरात आर्मेनियनांची कत्तल झाली. पुढे या संघर्षाचे युद्ध झाले. त्यात, फेब्रुवारी १९९२ मध्ये, काराबाखमधील खोजाली या गावातून पळणारे अझरबैजानी नागरिक मारले गेले. शुशाच्या कॅथीड्रलमध्ये अझरबैजानी सैन्याने रॉकेटे साठवली होती. आर्मेनियन फौजांच्या ताब्यात गेलेल्या आगदाममध्ये घरांचे दगड, पत्रे, चौकटी उचलून नेल्या गेल्या आणि त्या उजाड शहरात मशिदीचे मिनार तेवढे उभे राहिले. १९९४ च्या शस्त्रसंधीपर्यंत प्रांत आणि भोवतालच्या सात जिल्ह्यांतून पाच लाखांहून अधिक अझरबैजानी विस्थापित झाले होते.

त्यानंतरच्या वाटाघाटी प्रादेशिक अखंडता आणि स्वयंनिर्णय या दोन तत्त्वांभोवती फिरत राहिल्या. विस्थापितांचे परतणे आणि उरलेल्यांची सुरक्षितता हे प्रश्न त्यांच्या अंतिम निकालाशी बांधले गेल्याने खोळंबले. २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धाने पारडे अझरबैजानच्या बाजूने फिरले, डिसेंबर २०२२ पासून काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिन मार्ग अडवला गेला आणि सप्टेंबर २०२३ च्या अझरबैजानी हल्ल्यानंतर एक लाखाहून अधिक आर्मेनियनांनी, म्हणजे जवळजवळ साऱ्या वस्तीने, प्रदेश सोडला. वादाचा डोंगर एका राज्याच्या हाती पूर्णपणे आला, तरी मालकीची भाषा तेथे थांबलेली नाही: १९८० च्या दशकाअखेर आर्मेनियातून हुसकावल्या गेलेल्या अझरबैजानींच्या परतण्याचा न्याय्य प्रश्न मांडताना बाकूचे सत्ताधारी आता खुद्द आर्मेनियाच्या भूमीला ‘पश्चिम अझरबैजान’ म्हणू लागले आहेत.