निवाड्याविषयीचे औदासीन्य: चित्रपट-पुरस्कारसोहळ्यांच्या संदर्भात

एखाद्या संस्थेचा निषेध करणे आणि तिच्यातील रस संपणे या दोन भिन्न नैतिक अवस्था आहेत. निषेधात त्या संस्थेचे महत्त्व गृहीत धरलेले असते. रस संपण्यात ते गृहीतच नाहीसे होते. चित्रपट-पुरस्कारांच्या सोहळ्यांविषयी आज जी उदासीनता दिसते तिचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानात घेणे आवश्यक आहे. वर्षानुवर्षे ऑस्कर सोहळा जागून पाहणारा रसिक एके वर्षी तो पाहत नाही, आणि पाहिला नाही याची रुखरुखही त्याला लागत नाही. ही त्याच्या अभिरुचीची प्रौढता समजावी, की मूल्यविचारापासून त्याने घेतलेली निवृत्ती, हा येथील प्रश्न आहे.

ऑस्करच्या इतिहासात निषेधाची उदाहरणे ठळक आहेत. 1971 साली जॉर्ज सी. स्कॉट याने ‘पॅटन’मधील भूमिकेसाठीचा पुरस्कार नाकारला. 1973 साली मार्लन ब्रँडो याने ‘द गॉडफादर’साठीचा पुरस्कार नाकारून हॉलिवूडमधील मूलनिवासी अमेरिकनांच्या चित्रणाकडे लक्ष वेधले. भारतातही 2018 साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या वेळी राष्ट्रपती केवळ अकराच पुरस्कार स्वहस्ते देणार असल्याचे कळल्यावर पन्नासहून अधिक मानकरी समारंभास अनुपस्थित राहिले. या घटनांची कारणे परस्परांहून वेगळी आहेत. तथापि, पुरस्कार ही काहीएक अर्थ असलेली कृती आहे, हे त्या साऱ्यांत मान्य केलेले आहे. जेम्स इंग्लिश या अभ्यासकाने पुरस्कारव्यवस्थेवरील आपल्या 2005 च्या ग्रंथात वाद आणि प्रवाद हे पुरस्कारांना मारक नसून पोषकच ठरतात, अशी मांडणी केली आहे. ‘अन्याय झाला’ असे म्हणणारा मनुष्य न्यायासनावरची आपली श्रद्धाच प्रकट करीत असतो. तेव्हा चुकीच्या निवाड्यांमुळे प्रेक्षकांचा रस संपला, हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

सोहळ्याच्या घडणीकडे पाहिल्यास अधिक मूलगामी कारण हाती लागते. 16 मे 1929 रोजी हॉलिवूडमधील रूझवेल्ट हॉटेलात झालेल्या पहिल्या समारंभात पुरस्कारवितरण सुमारे पंधरा मिनिटांत आटोपले. निकाल तर तीन महिन्यांपूर्वीच जाहीर झालेला होता. पुढे समारंभाच्या रात्री प्रसिद्ध करण्याच्या अटीवर वृत्तपत्रांना नावे आधी कळविली जाऊ लागली. 1940 साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ती वेळेपूर्वीच छापल्यामुळे 1941 पासून मोहोरबंद लिफाफ्याची प्रथा आली, आणि 1953 पासून दूरचित्रवाणीने त्या लिफाफ्याचे नाट्य घरोघर पोचविले. मुळात गुणगौरव असलेल्या प्रसंगाचे अशा रीतीने उत्कंठेच्या खेळात रूपांतर झाले. पण उत्कंठा हे मूल्य नव्हे. निकाल कळताच ती संपते. कलाकृतीशी असलेले नाते मात्र तेथे संपत नाही. 2017 साली चुकीच्या लिफाफ्यामुळे ‘मूनलाइट’ऐवजी ‘ला ला लँड’चे नाव घोषित झाले. त्या गोंधळाची जेवढी चर्चा झाली तेवढी त्या दोन चित्रपटांच्या तौलनिक गुणवत्तेची झाली नाही, हे या रूपांतराचेच लक्षण होय.

अर्थात केवळ उत्कंठेवर एवढी दीर्घकाळची आस्था टिकली, असे म्हणणे प्रेक्षकांवर अन्याय करणारे होईल. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (1974) मराठी अभ्यासकांस परिचित असलेला कांटचा विचार येथे उपयुक्त ठरतो. कांटच्या मते अभिरुचीचा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावयाचा असतो; शंभर जणांनी वाखाणलेली कविता तेवढ्यामुळे कोणाला सुंदर वाटू शकत नाही. तरीही हा निर्णय ‘मला आवडले’ एवढ्यावर थांबत नाही; इतरांनीही त्याशी सहमत व्हावे, अशी अपेक्षा त्यात अनुस्यूत असते. पुरस्कारसोहळा या अपेक्षेला सार्वजनिक रंगमंच पुरवीत होता. ज्याने चित्रपट पाहून आपले मत बनविले आहे, त्याचे काहीतरी त्या लिफाफ्यात पणाला लागलेले असते. सोहळ्याची आस्था ही अशी प्रेक्षकाच्या स्वतःच्या निर्णयाकडून उसनी घेतलेली होती.

या दृष्टीने प्रेक्षकसंख्येकडे पाहता येते. ‘टायटॅनिक’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला त्या 1998 च्या सोहळ्यास अमेरिकेत सुमारे साडेपाच कोटी प्रेक्षक लाभले, महासाथीमुळे चित्रगृहे दीर्घकाळ बंद राहिल्यानंतरच्या 2021 च्या सोहळ्यास जेमतेम एक कोटी. पहिल्या प्रसंगी स्पर्धेतील चित्रपट समाजाने एकत्र पाहिलेला होता, दुसऱ्या प्रसंगी तसा सामायिक अनुभवच नव्हता. मात्र हा युक्तिवाद ताणता येत नाही. ‘ओपनहायमर’ अमाप प्रेक्षकांनी पाहिलेला असूनही 2024 च्या सोहळ्याचा प्रेक्षकवर्ग दोन कोटींच्या आतच राहिला. दूरचित्रवाणीसमोर एका वेळी बसणारा समाजच विरळ झाला, हेही कारण मान्य करावे लागते. सामायिक अनुभव ही आस्थेची आवश्यक अट असेल. पर्याप्त अट ती नव्हे.

दुसरीकडे निवाडा करणाऱ्यांच्या अधिकाराचाही प्रश्न आहे. ह्यूमने 1757 च्या आपल्या निबंधात खऱ्या परीक्षकाच्या ठायी सूक्ष्म संवेदनक्षमता, सराव, तुलनेची सवय आणि पूर्वग्रहमुक्तता अपेक्षिली होती. या सर्वांच्या आधीची अट, म्हणजे परीक्षणविषय पाहिलेला असणे, त्याला वेगळी सांगावीशीही वाटली नसेल. अकॅडमीने मात्र अंतिम फेरीत मत देण्यासाठी त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असलेच पाहिजेत, असा नियम 2025 साली केला. तोवर तसे सर्वसाधारण बंधन नव्हते, ही गोष्ट कोणत्याही टीकेपेक्षा बोलकी आहे. ज्या निवाड्यात निवाडा करणाऱ्याचाच अनुभव गुंतलेला असण्याची शाश्वती नाही, त्याच्याशी आपला अनुभव ताडून पाहण्याचे प्रयोजन रसिकास उरत नाही.

येथवरच्या विवेचनावरून रस संपणे हे समर्थनीय ठरते. परंतु ते पुरेसे ठरत नाही. पुरस्कारांकडे पाठ फिरविणाऱ्याच्या तोंडी बहुधा ‘शेवटी ज्याची त्याची आवड’ हे वाक्य येते. हे वाक्य वरवर उदार असले तरी त्यात तारतम्याचाच त्याग आहे. शिवाय ही रिकामी जागा रिकामी राहत नाही. तिकीटविक्रीचे आकडे आणि प्रेक्षकाच्या सवयी हेरून शिफारस करणारी यंत्रणा ती व्यापतात. पुरस्कारांत निदान कारणे मागण्याची सोय होती. आकड्याला कोणी कारण विचारीत नाही. 2020 साली ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. इंग्रजीेतर चित्रपटास तो मान प्रथमच मिळत होता. परभाषेतील चित्रपटाकडे न वळणाऱ्या पुष्कळ प्रेक्षकांस त्या निवाड्याने त्याच्यापर्यंत नेले, हे नाकारता येत नाही.

मराठीपुरते बोलावयाचे तर ‘श्वास’चा अनुभव उद्बोधक आहे. 2004 साली हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविला गेला, तेव्हा त्याच्या प्रचारखर्चासाठी सामान्य माणसांनीही आर्थिक हातभार लावला. नामांकन मिळाले नाही. पण दृष्टी जाण्यापूर्वी नातवाला जग दाखवू पाहणाऱ्या आजोबांची कथा ज्यांनी पाहिली होती, त्यांचा अनुभव त्यामुळे उणावला नाही, आणि नामांकन मिळते तर तो वाढलाही नसता. लोकांनी निधीला हातभार लावला तो निकालाच्या उत्कंठेपोटीच नव्हे. आपल्याला जे मोलाचे वाटले ते इतरांनीही पाहावे, हीच त्यामागील प्रेरणा होती. सोहळा विस्मृतीत गेला तरी ही प्रेरणा मूल्यवान राहते.

म्हणून सोहळ्यातील रस ओसरणे ही प्रौढता की निवृत्ती, याचा निर्णय सोहळ्याच्या रात्री होत नाही. लिफाफा उघडण्याची वाट न पाहणारा रसिक इतर दिवशी काय करतो, यावर तो अवलंबून असतो. अनोळखी चित्रपट तो शोधून पाहत असेल, दोहोंची तुलना करीत असेल, आपल्या मताची कारणे दुसऱ्यापुढे मांडून ती खोडली जाण्याचा धोका पत्करीत असेल, तर त्याने परीक्षकांकडे सोपविलेले काम परत आपल्याकडे घेतले आहे, असे म्हणता येईल. तसे नसेल तर त्याने केवळ एक कार्यक्रम पाहणे सोडले आहे.