जे उगवलं नाही, ते

अहिल्यानगर जिल्ह्यात मननाला बसायचं म्हटलं की नेवाशाचा पैस खांब आधी डोळ्यांपुढे येतो. आज प्रवरेच्याच खोऱ्यात, पण थोडं वरच्या अंगाला येऊ. लोणीजवळचं प्रवरानगर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊन १९५० साली जिथे सहकारी साखर कारखाना उभा केला, ते ठिकाण. उसाची साखर काढून झाल्यावर जी काळी, दाट मळी उरते, तिच्यावर मन टेकवा. घाई करू नका.

आधी वास येऊ द्या. लोणी, कोपरगाव, संगमनेरकडच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. मळी पाण्याने पातळ करून डिस्टिलरीच्या टाकीत सोडली आहे. वर फेस चढलाय, खालून बुडबुडे येताहेत. हे काम यीस्टचं. त्याची एक पेशी म्हणजे मिलिमीटरचा साधारण दोनशेवा भाग. ती आधी स्वतःच्या बाहेर एक विकर सोडते, उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे पाडते, ते आत घेते आणि अल्कोहोल व कर्बवायू बाहेर टाकते. टाकीतल्या चमचाभर द्रवातसुद्धा अशा पेशी कोट्यवधी असतात.

या गर्दीतल्या एकीला एखादं काम जमेनासं झालं, तर टाकीला त्याचा पत्ताही लागणार नाही. यावर थोडा वेळ राहा. फेस तसाच चढेल, अल्कोहोल तेवढंच निघेल.

आता टाकी सोडा. प्रयोगशाळेतली एक काचेची बशी समोर धरा. तिच्यात यीस्टचा अर्क, पेप्टोन आणि ग्लुकोज घातलेलं अगर घट्ट बसलंय. यीस्टला हे म्हणजे पंचपक्वान्नांचं ताट. त्यावर पेशी इतक्या विरळ पसरल्या आहेत, की प्रत्येक एकटी पडावी. ३० अंशांवर एकीच्या दोन व्हायला दीडेक तास लागतो. दोन दिवसांत जिथे एक होती तिथे पांढरट, गोल ठिपका दिसतो. पेशी दिसत नव्हती, तिची वसाहत दिसते.

पुढची कृती हळू करा. लाकडी ठोकळ्यावर निर्जंतुक मखमलीचा तुकडा ताणून बसवलाय. बशीच्या कडेला पेनाने खूण करा, नाहीतर पुढे वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळणार नाही. बशी पालथी करून मखमलीवर अलगद टेकवा आणि सरळ उचला. जोर दिलात तर ठिपके फासले जातील. प्रत्येक वसाहतीतल्या थोड्या पेशी मखमलीच्या लवीला चिकटल्या. त्याच मखमलीवर आता दुसरी बशी टेकवा. हिच्यात पक्वान्नं नाहीत. ग्लुकोज, क्षार आणि किरकोळ जीवनसत्त्वं एवढंच. बाकी सगळं ज्याचं त्याने घडवायचं. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली ही रीत जिवाणूंसाठी मांडली. यीस्टवाल्यांनी ती जी उचलली ती आजतागायत सोडलेली नाही. लाखोंची यंत्रं असलेल्या प्रयोगशाळेतही धुतलेल्या मखमलीची चळत असते, आणि मला ते फार आवडतं.

दोन दिवसांनी दोन्ही बशा शेजारी धरा. नक्षी तीच. पण डावीकडे एक ठिपका आहे, उजवीकडे त्या जागी काही नाही.

या रिकाम्या जागेवर थांबा. नजर उगवलेल्यांकडे पळेल, तिला परत आणा. इथे जी पेशी पडली तिला एखादं अमिनो आम्ल स्वतः करता आलं नाही, म्हणून ती वाढली नाही. जनुक डोळ्यांना दिसत नाही. ते बिघडलं की काय अडतं, ते दिसतं. आणि पहिल्या बशीत ती अजून जिवंत आहे. निर्जंतुक टूथपिकने तिला उचला.

उणीव एका जनुकातली की चार ठिकाणची? तिचा धडधाकट, विरुद्ध लिंगाच्या पेशीशी संकर करा. यीस्टमध्ये लिंगं दोन, ‘ए’ आणि ‘अल्फा’. संकरित पेशीला नायट्रोजनविना उपाशी ठेवलं की ती एका पिशवीत चार बीजाणू धरते. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक सुईने ते एकेक सुटे करायचे. यात हात बसायला बरेच दिवस जातात. पिशवीमागून पिशवी, पक्वान्नं नसलेल्या बशीवर दोन उगवले आणि दोन नाही असंच दिसलं, तर दोष एकाच जनुकात आहे.

डिस्टिलरीतलं यीस्ट मात्र या शिस्तीत सहसा बसत नाही. त्याच्याकडे गुणसूत्रांचे संच अनेकदा दोनहून जास्त असतात. बीजाणू धरायला ते नाखूश, धरलेच तर नीट रुजत नाहीत. एक प्रत बिघडली तर दुसरी काम निभावून नेते, म्हणजे उणीव झाकलेलीच राहते. मळीतले क्षार, उन्हाळ्यातली टाकी आणि स्वतःच केलेलं अल्कोहोल सोसायला तिथे रांगडेपणा लागतो. प्रयोगशाळेचा आज्ञाधारक वाण, एस२८८सी, तरी कुठून आला? बराचसा १९३८ साली कॅलिफोर्नियात सापडलेल्या एका सडक्या अंजिरातून.

त्याच वाणाचा सगळा डीएनए १९९६ पर्यंत वाचून झाला, केंद्रक असलेल्या सजीवांत सर्वांत आधी. जनुकं सुमारे सहा हजार. त्यांतली हजारेक अशी, की काढली तर पेशी जगतच नाही. उरलेल्यांपैकी बहुतेक प्रत्येकासाठी, तेवढं एकच जनुक काढून टाकलेला वाण तयार मिळतो. असे जवळपास पाच हजार वाण गोठवून ठेवलेले असतात.

ते सगळे मनाने रांगेत मांडा. मखमल घ्या. एक छाप मळी घातलेल्या बशीवर द्या, एक जास्त मिठाच्या, एक अल्कोहोलच्या, आणि एक ३७ अंशांवर ठेवा. दोन दिवसांनी प्रत्येक बशीतल्या रिकाम्या जागा शोधा, आणि तिथे कुठलं जनुक नव्हतं ते वहीत लिहा.