नाकावरच्या 137 खुणा

लँकेस्टर हे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश बॉम्बफेकी विमान. 1:72 प्रमाणातल्या त्याच्या डायकास्ट मॉडेलचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे 43 सेंटिमीटर भरतात. ते जस्ताच्या मिश्रधातूचे असल्याने हातात घेताच वजन जाणवते. संग्राहकाचा जीव मात्र बारकाव्यांत अडकलेला असतो. स्क्वाड्रनची अक्षरे, विमानाचा क्रमांक, पोटाखालचा काळा रंग, सगळे अगदी बरोबर हवे.

हा हट्ट मला मोलाचा वाटतो. त्या अक्षरांमुळेच मॉडेल एका विशिष्ट विमानाचे होते आणि त्यातल्या सात माणसांपर्यंत पोहोचता येते. लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) संग्रहालयात 'एस फॉर शुगर' हे लँकेस्टर उभे आहे. त्याच्या नाकावर चिमुकल्या बॉम्बच्या रांगा रंगवल्या आहेत. दर मोहिमेला एक, अशा 137. संग्राहक भिंग घेऊन अशा खुणा मोजतो. पण प्रत्येक खुणेखाली एक ठिकाण होते, हे त्याने विसरू नये.

ही विमाने उडवणाऱ्या आरएएफच्या बॉम्बर कमांडचे वैमानिक आणि त्यांचे हवाई सहकारी स्वेच्छेने आले होते. सुमारे सव्वा लाखांपैकी 55,573 जण मेले. जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गवर याच कमांडच्या बॉम्बनी आगीचे वादळ उठवले. त्यात तीस हजारांहून अधिक माणसे गेली, बहुतेक सामान्य नागरिक. यातले काहीच मॉडेलच्या रंगकामात दिसत नाही.

म्हणून अशी विमाने घरात ठेवूच नयेत, असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. वस्तू दूर केली म्हणून इतिहास कळत नाही. धोका असतो तो अर्धवट मांडणीत. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे'चे प्रदर्शन वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयाने आखले, तेव्हा त्यात बॉम्बखाली सापडलेल्यांची कहाणीही होती. माजी सैनिकांच्या संघटना आणि अमेरिकी काँग्रेसचे सदस्य यांच्या विरोधामुळे 1995 मध्ये ते रद्द झाले. नंतर भरलेल्या साध्या प्रदर्शनात विमानाचा पुढचा भाग आणि त्याचे कर्मचारी होते. होरपळलेली माणसे जवळजवळ नव्हती. घरातल्या काचेच्या कपाटातही नेमके हेच घडते.

संग्रह जरूर करा. मॉडेलखालच्या पट्टीवर विमानाचा क्रमांक आणि वैमानिकाचे नाव लिहालच. त्याच्या शेजारी, त्या विमानाने ज्यांवर बॉम्ब टाकले त्या शहरांची नावेही लिहा.