अदृष्टाचा सौदा

'अदृष्ट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते अदृष्ट. आणि ज्याला आपण दैव म्हणतो तेही अदृष्टच. एखादी वस्तू न पाहता विकत घेणारा मनुष्य या दोन्ही अर्थांनी अदृष्टाचा सौदा करीत असतो, ही गोष्ट आमच्या ध्यानात येण्यास एक जुनी जीपगाडी निमित्त झाली. प्रसंग घरगुती आहे. परंतु त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो केवळ आमच्या घरापुरता आहे असे आम्हांस वाटले नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुंबईहून सुरतेस जाणाऱ्या रेल्वेवर, सुरतेच्या अलीकडे, सचिन नावाचे स्टेशन लागते. आज हे गाव तेथील औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. आमच्या समाजातील एक गृहस्थ पुष्कळ वर्षांपूर्वी तेथे जाऊन स्थायिक झाले. त्यांच्या निधनानंतर त्यांची जीप घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा पावसाळे उभी राहिली. विलीस कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी महिंद्रांनी मुंबईत १९४७ पासून सुरू केली. पुढे त्याच वंशातील 'सीजे ३ बी' ही उंच बॉनेटची गाडी त्यांनी कित्येक वर्षे बनविली. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह माथ्यावर आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये, अशा रचनेमुळे तिचे इंजिन उंच झाले आणि त्यासाठी बॉनेटही उंचवावे लागले. ही गाडी त्याच जातीची. आमच्या कोकणातल्या घरापासून देवळापर्यंतची चढण पावसात साध्या मोटारीस जुमानत नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांस जत्रेच्या दिवशी पालखीचे दर्शन घडावे ही आमची जुनी इच्छा. तेव्हा देवळाच्या मुंबईतील मंडळींपैकी एका स्नेह्याने या गाडीची बातमी आणली, तेव्हा आमचे मन तत्काळ तिकडे धावले.

स्नेह्याचे म्हणणे असे की, किंमत भंगाराची आहे. पाहावयाचे काय, पैसे पाठवून मोकळे व्हा. कोर्टाच्या तारखा पुढे होत्याच. न जाण्यास कारण सापडले की मनुष्य त्याला सोयीस्कर नाव देतो. आम्ही त्यास 'विश्वास' हे नाव दिले. आपल्याच समाजातले घर, देवाधर्माची माणसे, तेथे जाऊन चाकाखाली वाकून पाहणे म्हणजे त्यांच्या शब्दाचा अपमान नव्हे काय, असे आम्ही स्वतःस विचारले, आणि उत्तर मिळण्यापूर्वीच समाधान पावलो.

परंतु ज्याने पंचवीस वर्षे कायद्याची पुस्तके चाळली त्याचे समाधान फार काळ टिकत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम, काही अपवाद सोडले तर, ग्राहकास एवढेच सांगते की, बाबा, तुझे डोळे तुझ्यापाशी आहेत. हे आजचेच आहे असे नाही. नारदस्मृतीत ग्राहकाने मालाचे गुणदोष आधी स्वतः पारखावे असे सांगितले असून, पारखण्यासाठी मुदतीही घालून दिल्या आहेत: दुभत्या जनावरास तीन दिवस, ओझे वाहणाऱ्यास पाच, मोत्या-पोवळ्यांस सात. मनूने तर खरेदीचा किंवा विक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत वस्तू परत करण्याची मोकळीक दिली आहे. म्हणजे पाहणे हा अविश्वास आहे असे आमच्या स्मृतिकारांस वाटले नाही. त्यांच्या लेखी ते ग्राहकाचे कर्तव्यच होते.

आणि केवळ कागद पाहून भागत नाही, याचा दाखला खुद्द सचिनच्याच इतिहासात आहे. जंजिऱ्याच्या गादीचा वारस बाळूमियां सिद्दी आपल्या हक्कास मुकला, तेव्हा तो पुण्याच्या आश्रयास आला. १७९१ साली त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस लिहून दिला आणि मोबदल्यात सुरतेजवळचा मुलूख घेतला. तेच पुढे सचिनचे संस्थान झाले. बाळूमियांस जमीन मिळाली. पुण्याच्या दरबारास मात्र कागद मिळाला. जंजिरा मिळाला नाही. किल्ला ज्यांच्या ताब्यात होता त्यांनी तो सोडला नाही, आणि पेशवाई गेली तरी जंजिऱ्यावर सिद्दींचेच निशाण राहिले. दोन्ही संस्थाने १९४८ साली विलीन झाली तेव्हा हा हिशेब कायमचा मिटला. ज्याच्या हाती जे नाही ते त्याला दुसऱ्यास देता येत नाही, हे तत्त्व वकिलीच्या पहिल्या वर्षी शिकवितात. पुण्याच्या मुत्सद्द्यांस ते ठाऊक नव्हते असे नाही. हवीशी वस्तू स्वस्तात दिसली की शहाण्याचेही डोळे थोडे मिटतात, इतकेच.

हे आठवून आम्ही आधी गाडीच्या कागदांची चौकशी केली. आर.सी. बुक अजून दिवंगत गृहस्थांच्याच नावावर होते. मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत कळवावयाचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावयाची, असा नियम. ते राहून गेले होते. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत केव्हाच उलटलेली. गुजरातेतून महाराष्ट्रात आणावयाची तर ना-हरकत दाखला निराळा. ही सारी माहिती विचारण्यासाठी आम्ही त्या घरी फोन केला. फोनवर त्या गृहस्थांच्या पत्नी होत्या. वय ऐंशीच्या घरात. आम्ही कागदांविषयी विचारले, तशी त्यांनी सर्व खरे सांगितले. मग आम्ही म्हटले, "माई, किंमत काय घ्यावयाची ती तुम्ही सांगा." त्या म्हणाल्या, "पुता, गाडयेचें म्हाका कितें कळटा? भंगारवालो दिता तितलेच दी. तूं सांगता तें म्हाका मान्य."

फोन ठेवला आणि आमच्या ध्यानात आले की, प्रश्न उलटा झाला आहे. इतका वेळ आम्ही, विकणारा आपणांस फसवील काय, याची चिंता करीत होतो. आता, आपण विकणारीस फसवीत आहोत काय, ही चिंता करण्याची पाळी आली. कारण भंगारवाला वजनावर भाव करतो. परंतु या जातीच्या जुन्या जीपगाड्यांस हौशी लोक त्याच्या कितीतरी पट किंमत देतात, हे आम्हांस माहीत होते आणि माईंस माहीत नव्हते.

१८७२ च्या करार कायद्यात सतराव्या कलमाखाली काही उदाहरणे दिली आहेत. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. परंतु घेणारी जर त्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे खोड सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असे मी समजेन,' तर त्यानंतरचे मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते. विद्यार्थिदशेत आम्ही ही उदाहरणे परीक्षेपुरती पाठ केली होती. 'तूं सांगता तें म्हाका मान्य' हे शब्द ऐकल्यावर त्यांचा अर्थ उमगला. जो आपले डोळे बाजूस ठेवून दुसऱ्याच्या शब्दावर टेकतो, तो त्या दुसऱ्याचे मौन संपवितो. त्या फोनपर्यंत आम्ही परके ग्राहक होतो. त्या एका वाक्याने माईंनी आम्हांस 'पुता'च्या जागी नेऊन बसविले.

कोणी म्हणेल, बाजारभाव सांगणे हे ग्राहकाचे काम नव्हे. हा वाद फार जुना आहे. सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एक व्यापारी उभा केला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. हा अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने लोकांस सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजेनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, खोटे न बोलला म्हणजे झाले. अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगितले पाहिजे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूचा. आम्ही इतके कडक होऊ इच्छीत नाही. दोन जाणते व्यापारी समोरासमोर बसले असता प्रत्येकाने आपले ज्ञान राखून ठेविले तर त्यात आम्हांस पाप दिसत नाही. तो त्यांचा खेळच आहे. परंतु समोरचा मनुष्य त्या खेळात बसलेलाच नसेल, तर त्याच्याशी डाव मांडणे आम्हांस अधर्म वाटतो.

मग न पाहता खरेदी करूच नये काय? तसे नाही. जगातला अर्धा व्यवहार शब्दावर चालतो आणि तो तसाच चालावा. परंतु तीन गोष्टी आधी तपासून घ्याव्या असे आता आमचे मत झाले आहे. पैसा आपला असावा, आणि तो बुडाला तरी घरात कोणाच्या तोंडचा घास जाऊ नये. जे विचारावयाचे ते स्पष्ट विचारलेले असावे. कारण प्रश्न न विचारता ठेवलेला विश्वास हा पुष्कळदा आळसच असतो. आणि तिसरी, जी आम्ही सर्वांत शेवटी शिकलो: विकणाऱ्यास आपण काय विकत आहोत हे कळत असावे. ते त्याला कळत नसेल, तर आपण जाऊन पाहिले पाहिजे, आणि तेही त्याच्या वतीने.

एका रविवारी आम्ही ओळखीच्या मेस्त्रीस बरोबर घेऊन सचिनला गेलो. मेस्त्रीने गाडीखाली जाऊन चासी ठोकून पाहिली. ती शाबूत निघाली. इंजिन जाम होते, ब्रेक गंजले होते, पेट्रोलची टाकी सडली होती, वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. हे दोष आम्ही माईंस सांगितले. आणि दोषांसकट या गाडीस हौशी ग्राहक काय देतील तेही सांगितले. माई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले की, इतके होते तर आमच्या ह्यांनी ती कधी विकली का नाही? यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचा मेस्त्री तो आमचाच. तेव्हा सुरतेतील दुसऱ्या कोणा जाणत्याकडून गाडी पाहून घ्या, कागद आधी आपल्या नावावर करा, मग मनास येईल त्यास मनास येईल त्या किमतीला द्या, असे सांगून आम्ही निघालो.

आमचा स्नेही म्हणतो, तुम्ही हातचा सौदा घालविला. असेल. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्यास धर्म शिकण्यासाठी काशीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जावे लागले. तपस्व्याच्या जटांत पाखरांनी घरटी केली तरी तो हलला नव्हता. वाण्यापाशी मात्र सर्वांस सारखे तोलणारा तराजू होता. आम्हांस तपही नाही आणि तसा तराजूही नाही. एका पारड्यात आमचे ज्ञान आणि दुसऱ्यात माईंचे अज्ञान ठेवून आम्ही सौदा करणार होतो, तेवढा एक टळला.

गाडी अजून शेडमध्ये आहे. जत्रा जवळ येत आहे. माईंचा फोन अद्याप आलेला नाही.