दाखला आणि प्रामाण्य

चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली. अश्लीलतेच्या आरोपातून खालच्या न्यायालयाने लेखकाला मुक्त केले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. अभ्यासकाच्या हाती सहज लागतो तो हा अखेरचा, निर्णयसंग्रहात छापलेला निकाल. मग केवळ दप्तरात उरलेल्या निकालपत्राचा दाखला द्यावा काय?

१८७५च्या ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स अ‍ॅक्ट’नुसार अधिकृत संग्रहाबाहेरचा निर्णयवृत्तान्त ऐकून घेण्यास न्यायालय बांधील नाही. अमेरिकेतील संघीय अपील न्यायालयांना १ जानेवारी २००७ पासूनचे अप्रकाशित निर्णय उद्धृत करण्यास मनाई करता येत नाही. मात्र त्यांचे वजन किती, हे तो नियम सांगत नाही. दोन्हीकडे प्रश्न प्रामाण्याचा आहे. समीक्षकाला निकाल बंधनकारक नसतो. त्याच्या लेखी तो एका वाचनाचा पुरावा असतो. वरिष्ठ न्यायालयाने फिरविलेला निकालही वाचनाच्या इतिहासातून पुसला जात नाही.

परंतु वाचकाला पडताळता न येणारा पुरावा पुढे करणारा अभ्यासक स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश होतो. म्हणून न्यायालय, खटल्याचा क्रमांक, तारीख आणि प्रत पाहण्याचे ठिकाण नोंदविणे हे त्याचे कर्तव्य ठरते. दुसरे कर्तव्य दप्तरातील माणसांविषयीचे. लेखकाने आपली कथा लोकांपुढे ठेवलेली असते. कौटुंबिक वादातील पक्षकाराने आपले आयुष्य तसे ठेवलेले नसते. तेथे नाव गाळूनही क्रमांक त्याच्या दारापर्यंत नेतो. ही दोन कर्तव्ये परस्परांना छेदतात तेव्हा दाखला सोडून देऊन आपला युक्तिवाद तेवढा दुबळा राहू देणे, हीच अभ्यासकाची नीती होय.